जन्मतारखेचे पिंपळापुरे

गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत श्रीधर पिंपळापुरे यांना सगळे ‘जन्मतारखेचे पिंपळापुरे’ म्हणत, आणि त्यांना त्याचा राग येत नसे. उलट बरंच वाटे. माणूस मूळचा नागपूरचा. त्या काळी रेल्वेच्या नावातच बंगालच्या जोडीला नागपूर होतं, त्यामुळे बाविसाव्या वर्षी ते एका ट्रंकेनिशी गाडीत बसून कलकत्त्याला आले ते इथलेच होऊन गेले. बंगाली झकास बोलू लागले, मासे मात्र अखेरपर्यंत जमले नाहीत.

त्यांचं काम ऐकायला किरकोळ वाटेल. नोकरीत असलेल्या माणसाची जन्मतारीख खरी की खोटी, हे कागद बघून ठरवायचं. पण त्या तारखेवर निवृत्ती अवलंबून, म्हणजे माणसाचं सगळंच अवलंबून. यार्डात ओझी वाहणारे खलाशी आणि इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन यांतले निम्मे असे, की त्यांच्या जन्माच्या वेळी घरात लिहिता येणारं कुणी नव्हतं. मग निवृत्ती जवळ आली की कुठून कुठून कागद उगवायचे. एका फायरमनने आणलेली जन्मपत्रिका बघून तर सगळी कचेरी खूश झाली होती. पिवळा पडलेला कागद, कडांना लागलेली कसर, संस्कृतही बरं. पिंपळापुऱ्यांनी ती दोनदा वाचली आणि शांतपणे विचारलं, “जन्म अमुक स्टेशनाजवळ झाला असं यात लिहिलंय. पण तुम्ही जन्मलात तेव्हा तिथे स्टेशनच नव्हतं, ते अकरा वर्षांनी झालं. ज्योतिषीबुवांना ते आधीच कसं दिसलं?” फायरमनने तिथल्या तिथे हात जोडले.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कागदांत डोकं घालून घालून त्यांनी स्वतःचे तीन नियम बनवले होते. गरज पडण्याआधी लिहिलेला कागद गरजेनंतरच्या कागदापेक्षा वजनदार. दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या कागदात आपली गोष्ट ओघात आली असेल, तर ती आणखी वजनदार. आणि माणूस स्वतःच्या अडचणीचं काही सांगत असेल, तर ते बहुधा खरं. एवढ्या तीन नियमांवर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. एकदाही खोटी नोंद केली नाही, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत.

घरी सरोजताईंना हे ऐकून ऐकून कंटाळा आला होता. नवऱ्याच्या काटेकोरपणाने त्या अगदी हात टेकत. रामनवमीला मराठी मंडळात पाळणा हलवायचा, तर पिंपळापुरे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे. एका वर्षी कीर्तनकार रंगात आले आणि बाराचे बारा-चार झाले, तर हे गृहस्थ सुंठवडा हातात पडेपर्यंत घुश्शात.

त्यांचा एकच जिवलग मित्र होता, प्रियनाथ बिस्वास. आणि तोही त्यांना एका संशयास्पद जन्मतारखेतूनच मिळाला होता.

झालं असं, की एकावन्न साली जुनी सेवापुस्तकं तपासताना पिंपळापुऱ्यांच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या खात्यांतल्या पाच जणांची जन्मतारीख पंचवीस डिसेंबर आहे. एक पॉइंट्समन, दोन फिटर, इस्पितळातली एक नर्स आणि दस्तऐवजांच्या खोलीतला एक कारकून. सालं वेगळी, दिवस तोच. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणून त्यांनी शोध घेतला. पाचही जण मेदिनीपूरकडच्या एका छोट्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेले. आश्रम केव्हाच बंद पडला होता. तिथल्या पाद्र्यांचा रिवाज असा, की ज्या मुलाचा जन्मदिवस कुणालाच ठाऊक नाही, त्याच्यापुढे रजिस्टरात पंचवीस डिसेंबर लिहायचं. साल दातांवरून आणि उंचीवरून.

पिंपळापुऱ्यांनी सगळ्यात आधी त्या कारकुनाला बोलावलं. सावळा, किडकिडीत, केसांचा नीट भांग पाडलेला प्रियनाथ येऊन उभा राहिला.

“ही तारीख खरी आहे?”

“नाही,” प्रियनाथ म्हणाला.

पिंपळापुऱ्यांचं पेन थांबलं. आजवर पहिल्याच प्रश्नाला असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

“मग खरी कुठली?”

“ती ज्यांना ठाऊक होती, ते मला पुराच्या वेळी मिशनच्या ओसरीवर ठेवून निघून गेले. माझ्याकडे हीच एक आहे, साहेब. आणि ती वाईट नाही. येशूची आणि माझी एकच.”

पिंपळापुऱ्यांनी त्या दिवशी नोंद लिहिली: ‘तारीख अनाथाश्रमाने रिवाजाप्रमाणे दिलेली. दुसरा पुरावा नाही. व्यक्ती समक्ष हजर होती, पाहिली. हीच तारीख कायम करावी.’ प्रियनाथने ती वाचायला मागितली, नियमात बसत नसतानाही त्यांनी ती दाखवली, आणि त्या संध्याकाळी दोघांनी कचेरीबाहेरच्या टपरीवर पहिला चहा घेतला.

तो चहा पुढे तेवीस वर्षं चालला. प्रियनाथ खिदिरपूरच्या एका गल्लीत राहायचा. लग्न झालं, पण मूल झालं नाही, आणि बायको अडुसष्ट साली कावीळ होऊन गेली. गल्लीच्या तोंडाशी बंगाली ख्रिस्ती लोकांचं एक लहानसं चर्च होतं. तिथे दर नाताळाला येशूच्या जन्माचा उतारा वाचायचा मान प्रियनाथचा. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण वाचताना तो असा वाचायचा, की जणू घरातल्या कुणाच्या तरी बारशाची हकीकत सांगतोय. पिंपळापुरे आणि सरोजताई दोनदा ऐकायला जाऊन आले होते. “तुमच्या कीर्तनकारापेक्षा हे बरे, वेळेत आटपतात,” असं सरोजताई परतताना म्हणाल्या होत्या.

चौऱ्याहत्तर साल उजाडलं. मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप होऊन गेला, कचेरीत बरीच उलथापालथ झाली, पण दोघांचा चहा चुकला नाही. प्रियनाथ डिसेंबरअखेर निवृत्त होणार होता. आणि नोव्हेंबरात तो एकाएकी चहाला येईनासा झाला. पाचव्या दिवशी पिंपळापुरे स्वतःच दस्तऐवजांच्या खोलीत गेले. प्रियनाथने टेबलाच्या खणातून एक पातळसं पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. कॉलेज स्ट्रीटच्या फूटपाथवर घेतलेलं, मुखपृष्ठ फाटलेलं.

“यात म्हटलंय की येशू नावाचा माणूस कधी झालाच नाही. त्याच्या हयातीतला एकही कागद नाही. सगळं नंतरच्या लोकांनी रचलं. मी तीनदा वाचलं, श्रीधरबाबू.”

“मग तुमच्या पाद्र्यांना विचारा की.”

“ते हो म्हणणार. पुस्तक लिहिणारा नाही म्हणणार. दोघांनाही आपापली गरज आहे. तुम्हाला काहीच नाही.” प्रियनाथ खाली बघत होता. “मला आईबाप नाहीत, बायको गेली, मूल नाही. जन्मापासूनचं असं माझं नातं एकाशीच. लहानपणी नाताळच्या दिवशी पाद्री आम्हा पाच-सहा पोरांना पुढे उभं करून म्हणायचे, आज याचाही वाढदिवस आणि तुमचाही. तोच जर नव्हता, तर माझं या जगात कधीच कुणी नव्हतं. मग मी पंचवीसला उभं राहून वाचू तरी काय? यंदा दुसऱ्या कुणाला तरी सांगा, असं मी चर्चमध्ये कळवून टाकलंय. तुम्ही कागद बघा आणि काय ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगाल तर मला कळेल.”

पिंपळापुऱ्यांच्या तोंडातून सवयीने तेच शब्द निघाले, ज्यांना सगळी कचेरी घाबरत असे: “ठीक आहे. कागद बघतो.”

आणि ते खरोखरच बघू लागले. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. दुपारी तिथून सुटले की अलिपूरच्या मोठ्या वाचनालयात जाऊन बसायचं. कधी येशूबद्दल भक्तांनी लिहिलेलं, कधी नास्तिकांनी, कधी जर्मन प्राध्यापकांचं इंग्रजीत आलेलं. पहिल्या शनिवारी ते अगदी गोंधळून परत आले. दुसऱ्या शनिवारी त्यांना वेगळंच काही जाणवलं. अरे, ही तर आपलीच प्रकरणं! दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, जन्माचा दाखला नाही, सेवापुस्तक नाही, साक्षीदार काही आपले आणि काही परके. तिसऱ्या शनिवारपर्यंत त्यांना, खरं सांगायचं तर, मजा येऊ लागली. आणि मित्र तिकडे तळमळतोय हे आठवून त्या मजेची लाजही वाटू लागली.

एक दिवस ते घरी आले ते चपला दारात काढायचंही विसरले.

“अगं, त्याला भाऊ होता!”

“कुणाला?” सरोजताई वाटाणे सोलत होत्या.

“येशूला! हे बघ. त्याच्या मरणानंतर वीसेक वर्षांत एका अनुयायाने पत्र लिहिलंय. पत्राचा विषय भलताच. मला उपदेश करायचा अधिकार कुणी दिला, यावरून भांडण चाललंय. त्या भांडणात तो ओघात म्हणतो, मी अमुक गावी गेलो तेव्हा त्याच्या भावाला भेटलो. येशू होऊन गेला हे सिद्ध करायला त्याने लिहिलेलंच नाही. आणि पुढे एका ज्यू इतिहासकाराने त्याच भावाला दगडांनी मारल्याचं लिहिलंय. या इतिहासकाराला येशूचं काडीचं प्रेम नाही. त्याच्या पुस्तकात दुसऱ्या एका जागी येशूची स्तुती आहे, पण ती मागाहून कुणा भक्ताने घुसडलेली दिसते, भाषाच वेगळी. आपल्या त्या पत्रिकेतल्या स्टेशनासारखी. ती मी बाजूला ठेवली. भाऊ मात्र राहतोच! नसलेल्या माणसाला भाऊ कुठून येणार?”

“चपला,” सरोजताई म्हणाल्या.

त्यांनी चपला काढल्या आणि दारातूनच पुढे चालू ठेवलं. एक रोमन इतिहासकारही होता. त्याला या पंथाची किळस. तोही लिहितो की यांच्या मूळ पुरुषाला आमच्या सुभेदाराने देहान्ताची शिक्षा दिली. शिवाय तो देहान्त कसला, तर गुलामांना आणि बंडखोरांना देत तसला, नागडं करून खांबावर. स्वतःचा देव रचायला बसलेला माणूस त्याला असलं मरण कशाला देईल?

“मग झालं तर,” सरोजताई म्हणाल्या. “सांगून टाका त्यांना, होता म्हणून.”

“अजून जन्मतारीख राहिली.”

इथेच घोडं अडलं. येशूची चार जुनी चरित्रं, त्यांतली दोन जन्माबद्दल मुळी बोलतच नाहीत. उरलेल्या दोहोंतलं एक म्हणतं, जन्म अमुक राजाच्या राज्यात झाला. दुसरं म्हणतं, अमुक शिरगणतीच्या वेळी. राजाचं मरण आणि ती शिरगणती यांच्यात दहा वर्षांचं अंतर. “आमच्याकडे दोन वर्षांच्या फरकावर चौकशी बसते!” पिंपळापुरे वैतागून म्हणाले. आणि पंचवीस डिसेंबर? ती तारीख चारांपैकी एकानेही दिलेली नव्हती. ती कागदावर प्रथम दिसते तीनशेहून अधिक वर्षांनी, रोममध्ये. पिंपळापुऱ्यांनी तीन शनिवार त्या एका तारखेसाठी घालवले. कुठेतरी एखादा जुना, ओघातला उल्लेख सापडेल म्हणून ते धडपडले. असा शोध त्यांनी आजवर कधी केला नव्हता, हवी ती गोष्ट सापडावी म्हणून. नाही सापडली.

“ते सांगू नका त्यांना,” सरोजताई म्हणाल्या. आता त्यांनाही प्रियनाथची काळजी वाटू लागली होती. “माणूस होता एवढं सांगा. तारखेचं कशाला काढता? त्या बिचाऱ्याचं सगळं त्या एका दिवसावर तर उभं आहे.”

“त्याने मला खोटं सांगू नका म्हटलंय.”

“न सांगणं म्हणजे खोटं सांगणं नव्हे. आणि तुम्ही मोठे सत्यवान! रामाचा पाळणा बरोबर बाराच्या ठोक्याला हलवता, तो कुठला दाखला बघून?”

पिंपळापुऱ्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग ते म्हणाले, “तिथे मला कुणी विचारलं नाही, सरोज. इथे विचारलंय.”

“आणि उद्या कुणी विचारलं तर?”

त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि नोंद लिहायला बसले. रामाचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला, तो पुढे कितीतरी दिवस.

बावीस डिसेंबरला रविवार होता. दुपारी ऊन अंगावर घेत पिंपळापुरे खिदिरपूरला गेले. गल्लीत घरोघर बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद चिकटवलेले तारे लटकत होते. प्रियनाथच्या दारावर काहीच नव्हतं. त्याचा तारा खाटेखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तसाच पडून होता.

प्रियनाथने खुर्ची पुढे केली आणि स्वतः खाटेवर बसला. दाढी वाढलेली. “वाचा,” तो म्हणाला.

पिंपळापुऱ्यांनी खिशातून फुलस्केप कागद काढला. घडी उलगडली.

“एक. असा माणूस होऊन गेला. पुरावा पुरेसा आहे. त्यात एक पत्र दुसऱ्याच कामासाठी लिहिलेलं आहे, आणि दोन साक्षी परक्यांच्या आहेत. तुमच्या पुस्तकवाल्याने भावाचा उल्लेख चार ओळींत उडवून लावलाय. ते मला पटलं नाही.”

प्रियनाथने डोळे मिटून घेतले आणि एक लांब श्वास सोडला. “दोन?”

“दोन. चमत्कार आणि मरणानंतर उठणं. याबद्दल या खात्याला काही म्हणता येत नाही.”

“बरोबर आहे. ते तुमचं कामच नाही. तीन?”

पिंपळापुरे थांबले. सरोजताईंचे शब्द कानात होते. इथे कागद घडी करून खिशात ठेवला असता, तर कुणाला कळणार होतं? त्यांना मनापासून वाटलं, की तिसरा मुद्दा आपण लिहिलाच नसता तर बरं झालं असतं.

“तीन,” ते म्हणाले. “जन्मतारीख. पंचवीस डिसेंबरला काहीही आधार नाही, प्रियनाथबाबू. साल नक्की नाही, महिनाही नाही. दिवस कुणालाच ठाऊक नव्हता. तीनशेहून जास्त वर्षांनी तो ठरवला गेला. मी फार शोधलं. मला माफ करा.”

दूर गोदीत कुठल्यातरी जहाजाचा भोंगा वाजला.

“ठरवला कुणी?” प्रियनाथने विचारलं.

“नक्की नाव नाही. पण चर्चमधल्याच लोकांनी. म्हणजे पाद्र्यांनीच म्हणायचं.”

“दिवस ठाऊक नव्हता, म्हणून?”

“कागदांवरून तसंच दिसतं.”

प्रियनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. पिंपळापुरे घाबरून उठले, त्यांना वाटलं माणूस रडतोय. पण प्रियनाथ हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

“म्हणजे त्याचंही तसंच? त्याचाही दिवस कुणाला माहीत नव्हता, म्हणून पाद्र्यांनी त्याच्यापुढेही पंचवीस डिसेंबर लिहिलं? श्रीधरबाबू, आयुष्यभर मी समजत होतो की त्याची तारीख मला उसनी दिलेली. तो तर आमच्याच रजिस्टरातला निघाला!”

पिंपळापुरे पुन्हा खुर्चीवर बसले. हा निष्कर्ष त्यांच्या तिन्ही नियमांत कुठेच बसत नव्हता, आणि त्यात चूक कुठे आहे हेही त्यांना दाखवता येईना. त्यांना एकदम फार हलकं वाटलं.

प्रियनाथने कागद मागून घेतला. चष्मा लावून सगळा वाचला, उलटून मागची बाजूही बघितली. “नोंद अपुरी आहे,” तो म्हणाला. “माझ्या वेळी तुम्ही एक वाक्य जास्त लिहिलं होतं.”

“कुठलं?”

“‘व्यक्ती समक्ष हजर होती, पाहिली.’”

“ते मला लिहिता येणार नाही,” पिंपळापुरे गडबडीने म्हणाले. “मी पाहिलेली नाही.”

“तुम्ही कशाला लिहिता? ते मी लिहीन. आणा पेन.”

पिंपळापुऱ्यांच्या नोंदीवर आजवर दुसऱ्या कुणाचं अक्षर उमटलं नव्हतं. मोठमोठ्या साहेबांनाही त्यांनी वेगळा कागद लावायला सांगितलं होतं. त्यांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुढे केलं. प्रियनाथने गुडघ्यावर कागद ठेवून बंगालीत सावकाश ते एक वाक्य लिहिलं.

“खाली सही करा,” पिंपळापुरे सवयीने म्हणाले. “आणि तारीख घाला.”

प्रियनाथने सही केली. तारीख घातली आणि कागद परत दिला. पिंपळापुऱ्यांनी बघितलं. पंचवीस डिसेंबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर. भिंतीवरच्या कॅलेंडरात स्वच्छ बावीस तारीख होती. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा एकदा त्या तारखेकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं. मग ते वाकले, खाटेखालून तारा ओढून काढला आणि वर्तमानपत्र सोडवत विचारलं, “खिळा कुठे आहे?”